दोघांत एक चिन-शुई

आमच्या गल्लीत फांग चिन-शुई नावाचा माणूस कागदाची माणसं करायचा. अजूनही करतो, पण नाव तेवढं राहिलं नाही. ते कसं गेलं, तेच सांगायचं आहे.

माझं केस कापायचं दुकान त्याच्या दुकानाच्या बरोबर समोर. त्यामुळे त्याचं अर्धं आयुष्य मी आरशात उलटं पाहिलं आणि उरलेलं अर्धं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं. गालाला साबण लागला की माणूस काय वाटेल ते बोलतो. आमच्या थाइनान शहरातल्या पोलिसांना जे कळत नाही, ते मला फुकटात कळतं.

चिन-शुईला आम्ही सगळे आ-शुई म्हणायचो. त्याचा धंदा मेलेल्यांचा. कुणी वारलं की घरचे त्याच्याकडे येतात. कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळ, त्यावर रंगीत कागद. असं तो दुमजली घर करतो, मोटार करतो, हल्ली मोबाइलसुद्धा करतो, चार्जरसकट. आणि त्या घरात राबायला गडी आणि मोलकरणी. सगळं जाळलं की ते म्हाताऱ्याला तिकडे पोचतं. त्याच्या बापाने घालून दिलेली एकच पद्धत आ-शुई काटेकोर पाळायचा. गडी कितीही आधी तयार झाला तरी त्याचे डोळे कोरे ठेवायचे. दुकानातून बाहेर काढायच्या वेळी कुंचल्याने बुबुळं काढायची आणि काढता काढता कानात सांगायचं, "तू अमुक. हाक आली की ओ द्यायची." नाव घरचे देतात. नाव नसेल तर तिकडे म्हातारा हाक काय मारणार? आणि डोळे उघडलेला गडी त्याच दिवशी जाळायचा. राहिला, तर तो इथेच ओ देत बसतो.

आता थोडी चहाडी. गल्लीतल्या जुन्या माणसांना ती ठाऊक आहे, तुम्हालाही असू दे.

फांगांच्या घरी याच्या आधी एक चिन-शुई होऊन गेला होता. तीन वर्षांचं गोंडस पोर, तापाने गेलं. बापाने सरकारात जाऊन त्याचं नाव कमी केलं नाही. कुणी म्हणतं आळस, कुणी म्हणतं आईने पाय धरले. पुढे दुसरा मुलगा झाला तेव्हा बापाने तेच नाव जन्मतारखेसकट त्याला चिकटवलं. त्या काळी असं चालायचं. त्यामुळे हा शाळेत आमच्याबरोबर बसला तेव्हा कागदावर आमच्यापेक्षा घोडा होता, आणि सैन्यात गेला तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. साठीचा केक त्याने आमच्या आधी कापला. मी तेव्हाही सोडलं नाही. म्हटलं, "अर्धा ठेव रे, ज्याची साठी आहे तो मागायला आला तर?"

तो हसला. हसण्यावारी न्यायची त्याला सवयच होती. फक्त एक गोष्ट तो कधी बोलला नाही, आणि आम्हीही कधी काढली नाही. त्याच्या आईने त्याला जन्मात नावाने हाक मारली नाही. "ए", "अरे", "जेवायला ये". बस्स.

तर हे असं चाललेलं असताना एक दिवस राजधानीहून एक मुलगी आली. नी पेइ-चेन. केस असे कापलेले की मी झोपेत कापले असते तरी बरे झाले असते. पण मुलगी गोड, आणि येताना संत्री घेऊन आली. शहरातल्या नव्या कलादालनात तिचं प्रदर्शन होतं. सुपरहिरोंचं.

"काका, मला तुमच्याकडून एक सुपरहिरो करून हवाय."

"कोण वारलं?" आ-शुईने विचारलं.

"कुणीच नाही."

"मग घाई नाही."

ती हसली. म्हणाली, सिनेमातला नको. तुमच्या उंचीचा, तुमच्या चेहऱ्याचा हवा. पायात मासळीबाजारातले रबरी बूट, पाठीवर समोरच्या दुकानातली लाल चादर.

"माझी चादर?" मी मध्ये तोंड घातलं. "त्यावर केस पडलेले असतात."

"चालतील, काका. केसांसकट द्या."

"पोटसुद्धा त्याचंच करायचं का?" आतून आ-शुईची बायको खिम ओरडली. "मग कागद जास्त मागवायला हवा."

खिम वहिनींची जीभ माझ्या वस्तऱ्याहून जास्त लागते.

पेइ-चेनने स्टुलावर बसून सगळं समजावून सांगितलं. सुपरहिरोला दोन नावं असतात, ती म्हणाली. एक चारचौघांतलं, एक मुखवट्यातलं. लोक मुखवट्याकडे बघत राहतात. तिला विचारायचं होतं की मुखवटा काढला तर आत जो उरतो तो खरा, की तोही दुसऱ्या कुणाचा मुखवटाच? "तुमचं दुसरं नाव काय, काका? घरातलं, लाडाचं?"

मी वस्तरा धुवायला दारात आलो होतो. तिथेच थांबलो. समोर कामट्या तासायचा आवाजही थांबला.

"दुसरं?" आ-शुई म्हणाला. "पहिलंच अजून पुरतं माझं झालं नाही." आणि हसला.

तिला वाटलं थट्टा. "बरं, छातीवर अक्षर कुठलं काढायचं? सुपरहिरोच्या छातीवर त्याच्या नावाचं अक्षर असतं."

"नुसतं वर्तुळ काढतो. आत कोरं."

"वा!" ती म्हणाली. "फारच छान." कलावंतांना काय आवडेल, काही सांगता येत नाही. "मग डोळेही कोरे ठेवा. बघणाऱ्याने आपले डोळे त्यात बसवावेत."

"ठेवायचेच आहेत," आ-शुई म्हणाला. "याला जाळायचं नाही, तर डोळे उघडायचे कशाला?"

पंधरवडाभर तो त्याच कामात होता. मी दुकानातून बघत होतो. आधी कामट्यांच्या बरगड्या, मग खांदे, मग ते पोट. खिम वहिनी जाता येता त्या पोटाला बोटाने टोचायच्या आणि "खरं आहे" म्हणायच्या. चेहरा चढवला त्या दिवशी माझ्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने रस्त्याकडे बघून हात वर केला, "काय आ-शुई, आज निवांत उभा?" उभा होता तो कागदाचा. खरा मागे खळ ढवळत होता.

न्यायची गाडी भर दुपारी आली. ऊन असं की रस्त्यावर कुणाची सावली दिसत नव्हती. पेइ-चेन बाहेर फोनवर बोलत होती, तिची माणसं प्लास्टिक घेऊन उभी. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. आणि आ-शुईच्या हाताने काय केलं, तर जन्मभर मूर्ती बाहेर निघताना जे केलं तेच. कुंचला उचलला. शाईत बुडवला. एक बुबुळ, दुसरं बुबुळ. मी समोरून बघतच राहिलो. त्याचं तोंड कागदाच्या कानाशी गेलं. नाव द्यायला घरचं कुणी नव्हतं, म्हणून समोर जो चेहरा होता त्याचं नाव ओठांवर आलं.

"तू चिन-शुई. हाक आली की ओ द्यायची."

मग तो कुंचला हातात धरून तसाच राहिला. माणसांनी मूर्तीभोवती प्लास्टिक गुंडाळलं, तिला आडवी करून गाडीत चढवलं. त्यांना काय कळणार?

खिम वहिनींनी आतून आवाज दिला, "आ-शुई! कोहळ्याचा चहा थंड केलाय, त्या पोरांना दे!"

"ओ."

आवाज गाडीतून आला. बारीक, बोबडा. ज्याला 'र' अजून म्हणता येत नसेल अशा पोराचा.

ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि खिडकीतून डोकं काढून आम्हाला दरडावलं, "अहो, ते पोर आधी बाजूला घ्या. गाडी मागे घ्यायचीय."

आमच्या गल्लीत तेव्हा कुणाचंच लहान पोर नव्हतं.

त्या दिवसापासून आ-शुईला हाक ऐकू येईनाशी झाली. कान शाबूत होते. बशी पडली तर दचकायचा. माझी थट्टा ऐकून शिवी द्यायचा. पण "आ-शुई" म्हटलं की ते त्याच्या बाजूने निघून जायचं, दुसऱ्याला मारलेल्या हाकेसारखं. खिम वहिनी जेवायला बोलवून दमायच्या, शेवटी येऊन खांद्याला धरायच्या. "म्हातारा बहिरा झाला," त्या म्हणाल्या. मी त्याची दाढी करताना मुद्दाम कानाशी नाव घेतलं. आरशात त्याचे डोळे हललेसुद्धा नाहीत. गालाला वस्तरा लावला तर कातडी सुकलेल्या खळीसारखी ताठ लागली. थट्टा करायची होती, करवली नाही.

मग कलादालनातला रखवालदार लो केस कापायला आला. साबण लागताच सुरू झाला.

"दादा, आमच्याकडे तो तुमच्या शेजाऱ्यासारखा सुपरहिरो उभा आहे ना, तिथे एक पोर आहे."

"पोरं येतातच बघायला."

"येतात ती दिसतात. हे दिसत नाही. रोज दुपारी, जेवायची वेळ झाली की 'ओ' म्हणतं. मी खांबांमागे बघितलं, पडद्यामागे बघितलं. परवा एक बाई आपल्या लेकराला घेऊन आली. ते लेकरू त्या मूर्तीच्या गुडघ्याशी बघून हात हलवत होतं. वर नाही, गुडघ्याशी."

त्याची एक बाजू कापून झाली होती. दुसरी कशी कापली, मला आठवत नाही. लोचे केस बरेच दिवस वाकडे होते.

मला सगळे भोचक म्हणतात, म्हणून मी भोचकपणा केला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून कलादालनात गेलो. मोठं पांढरं दालन, थंडगार. पेइ-चेनचे इतर सुपरहिरोही होते; कुणी भाजीवालीच्या पेहरावात, कुणी मुखवट्याआड आरसा. मध्ये आमचा. माझी चादर पाठीवर, पायांत रबरी बूट, छातीवर कोरं वर्तुळ. आणि ते दोन डोळे. आ-शुईचा चेहरा मी हजारदा फेसाने माखला आहे. त्या चेहऱ्यातून आ-शुई बघत नव्हता. साठीतल्या माणसाच्या तोंडावर इतके नवे डोळे कधी पाहिले नव्हते. ते सगळ्याकडेच पहिल्यांदा बघितल्यासारखे बघत होते.

मी बाकावर बसलो आणि खिम वहिनींना फोन लावला.

"वहिनी, त्याला एक हाक मारा."

"मेला तिथून फोन करून मला कामाला लावतोय! का?"

"मारा तर खरं."

फोनमधून त्यांचा आवाज आला, घरातल्या घरात मारलेली हाक, "आ-शुई!"

"ओ."

माझ्या समोरून. कंबरेच्या खालून.

"काय ऐकलं मी?" खिम वहिनी म्हणाल्या. त्यांचा असा लहान आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. "तो तर इथे माझ्यासमोर बसलाय. मान वर केली नाही त्याने."

संध्याकाळ व्हायच्या आत मी सगळं आ-शुईच्या घरी जाऊन सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. तासायची सुरी बाजूला ठेवून म्हणाला, "मला माहीत आहे. तो आलाय. नाव त्याचं, आता डोळे मिळाले, अंग मिळालं. हाक मारली की तोच धावणार. त्याचा हक्कच आहे."

"मग तुझं बिघडतं काय?" मी म्हटलं. "आम्ही तुला 'ए' म्हणू."

"आई म्हणायची तसं?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मी मेल्यावर ही पितरांच्या पाटीवर कुणाचं नाव लिहील? चिन-शुई. सणाला भात वाढून कुणाला हाक मारेल? चिन-शुईला. तो येऊन जेवेल. मी दाराबाहेर उभा. आत बोलवायला माझं काही नावच नाही. आणि तो तरी काय, ती मूर्ती दालनात कायमची उभी राहणार. जाळली नाही तर तो आईकडे जाणार कसा? दोघंही अडकलो."

खिम वहिनींनी पदर नव्हता म्हणून ॲप्रनने डोळे पुसले, आणि लगेच त्याच्यावर ओरडल्या, "कुंचला हातात घ्यायच्या आधी विचार करता येत नव्हता?"

पेइ-चेनला बोलावलं. मला वाटलं होतं पोरगी वाद घालेल, विज्ञान सांगेल. ती ऐकून घेत गेली. मग म्हणाली, डोळे रंगवलेले तिने पहिल्याच दिवशी पाहिले होते. "मला आवडले नाहीत, काका. म्हणजे, भीती वाटली. पण पुसायला हात पुढे होईना. आमचे आजोबा गेले तेव्हा कागदाच्या घराभोवती दोरी धरून मीही उभी होते. मला कळतं." थोड्या वेळाने म्हणाली, "पण दालनाने ती मूर्ती कायमची ठेवून घ्यायची ठरवलीय. माझं पहिलंच काम आहे, जे कुणी असं ठेवून घेतंय."

तिने संत्र्याची साल काढली, फोडी मोजल्यासारख्या बशीत मांडल्या, एकही खाल्ली नाही.

"तुमच्या चेहऱ्याचा हवा असं मीच म्हणाले ना," ती म्हणाली. "मीच आणते परत."

तिने दालनाच्या साहेबांना काय सांगितलं ते तिलाच ठाऊक. साहेब कॅमेरे घेऊन यायचं म्हणत होते. खिम वहिनींनी फोन हातात घेऊन सांगितलं, "फोटो काढायची हौस असेल तर आपल्या वडिलांच्या वेळी काढा." साहेब आले नाहीत.

मूर्ती आम्ही गावाबाहेर मत्स्यतळ्यांच्या पलीकडे नेली. दुपार कलली होती. समुद्राकडून वारा येत होता, तळ्यांतली पंख्यांची चाकं पाणी उडवत होती, आणि मैदानात तो सुपरहिरो बूट घालून उभा. गल्लीतले सगळे आले. आमच्यात मूर्ती जळताना भोवती दोरी धरून उभं राहतात, म्हणजे वाटेवरचे उपरे आत्मे येऊन मेलेल्याची वस्तू पळवत नाहीत. मी धरली, लोने धरली, पेइ-चेन माझ्या शेजारी.

आ-शुई एकटाच दोरीच्या आत. त्याने कुंचला काढला आणि छातीवरच्या कोऱ्या वर्तुळात नाव लिहिलं, आडनावासकट पूर्ण. मग कागदाच्या कानाशी लागला. वारा आमच्याकडे होता म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर मी कशाला ऐकतोय.

"दादा, हे तुझं. मी वापरलं, जरा मळलं असेल. शाळेत फार मार खाल्ला याने. आता घे. आई तिकडे आहे. तिने हाक मारली की ओ दे, तिने इथे कुणालाच मारली नाही."

आणि काडी लावली.

कागद पेटला की आधी रंग उडतात. निळं गेलं, पिवळं गेलं. माझी लाल चादर मात्र पेटेना. ती गरम हवेने फुगली आणि पाठीमागे पसरली, आणि देवाशपथ सांगतो, तो रबरी बूट घातलेला ढेरपोट्या सुपरहिरो जमिनीपासून हातभर वर उचलला गेला. सिनेमात उडतात तसा. डोळे अजून जळाले नव्हते. ते आमच्यातल्या एकेकाकडे बघत फिरले आणि आ-शुईवर येऊन थांबले. आ-शुई वर बघत होता. दोरीच्या आत, फार जवळ.

"आ-शुई!" खिम वहिनी किंचाळल्या. "मागे हो!"

"ओ," आगीतून आलं.

आ-शुई हलला नाही. त्याला ती हाक लागलीच नव्हती. आम्ही सगळे ओरडलो, त्याच नावाने ओरडलो, आणि दर वेळी आतून तेच बोबडं "ओ, ओ, ओ". दोरी सोडावी तर उपरे शिरतील, न सोडावी तर माणूस जाईल. वर कामट्या तडतडत होत्या.

मग ते पोर "ओ" म्हणायचं थांबलं. आणि तीन वर्षांच्या तोंडून, मोठ्या भावाच्या दटावणीने, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणालं,

"ए धाकल्या, माघाली हो."

आ-शुई दचकला. कुणी नावाने हाक मारावी तसा दचकला. दोन पावलं मागे झाला, आणि तो होता तिथे पेटता सांगाडा कोसळला. ठिणग्या वर गेल्या. राख तळ्यांवर गेली. माझी चादर तेवढी काळी होऊन खाली राहिली. ती मी परत मागितली नाही.

दोरी धरलेल्या प्रत्येकाला मी नंतर वेगवेगळं गाठून विचारलं. सगळ्यांनी तेच ऐकलं होतं. लो म्हणाला, आवाज ओळखीचा. पेइ-चेनने पुढे त्या दालनात रिकामा चौथरा ठेवला म्हणतात, आणि लोक त्यासमोर जास्त वेळ उभे राहतात. मी बघायला गेलो नाही.

त्याला आता सगळे धाकला म्हणतात. पहिल्यांदा खिम वहिनींनी मारली ती हाक, आगीजवळून घरी आणताना, हात धरून. त्याने लगेच "काय गं" म्हटलं. वहिनी रस्त्यातच रडायला लागल्या आणि मग म्हणाल्या, "पाटीवर हेच लिहीन. पण घाई करू नकोस."

"घाई नाही," धाकला म्हणाला.

गालाची कातडी पुन्हा मऊ झाली आहे. थट्टाही सोसतो. "एवढा पांढऱ्या मिशांचा धाकला!" असं मी रोज म्हणतो, आणि तो रोज मला शिवी देतो.

सरकारात मात्र तो अजून चिन-शुईच आहे. नाव बदलायला गेला नाही. म्हणतो, ते माझं नाही, मी कसं बदलू? त्यामुळे गुडघ्यासाठी त्याला दवाखान्यात नेतो तेव्हा आम्ही दोघं बाकावर बसतो, आणि नर्स दार उघडून मोठ्याने पुकारते, "फांग चिन-शुई!"

मी कोपराने ढोसतो. तो उठत नाही.

"थांब जरा," तो म्हणतो. "आधी बघू, दुसरं कुणी उठतं का."

मग आम्ही बघतो. दोघंही, दर वेळी, गुडघ्याएवढ्या उंचीवर.